गिरणीतलं बटण

१८ जानेवारी. सकाळपासून जुना टेम्पो रिकामा करते आहे. परवा घेणारा येईल. सीटमागून मसाल्याच्या फाटक्या पिशव्या निघाल्या, एक गंजलेला पाना निघाला, आणि सीटखालून कांचनची गोधडी. चौपदरी, बसण्यापुरती शिवलेली. झटकून उन्हात टाकली आणि झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. आता जे लिहिते आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते.

माझा मसाल्याचा धंदा. काळा मसाला, तिखट, हळद. जालन्यात घरी करायचं आणि मंठा, परतूर, आष्टीचे बाजार धरायचे. कांचन माझ्याच गल्लीतली, मारवाड्यांची सून, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ती गाऊन-परकर विकते. सहा वर्षं ती माझ्या टेम्पोतून बाजाराला आली. एका बाजूला ड्रायव्हर, खिडकीशी मी, मध्ये ती. तिच्याखाली इंजिन, सीट तापायची, म्हणून ही गोधडी. टेम्पोच्या आवाजात आम्ही ओरडून बोलायचो. आष्टीत माझ्या शेजारची जागा मीच तिला मिळवून दिली. आमच्या बाजारात जागा धरायची रीत साधी आहे — कापड पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. कोणी हलवत नाही. मात्र तीन बाजार जागा रिकामी राहिली की ती शेजाऱ्याची.

ती उठता-बसता ‘ताई, ताई’ करायची. ते मला किती आवडत होतं, हे तिनं बॅटरीची गाडी घेतली तेव्हा कळलं.

पांढरी, छोटी व्हॅन. स्वतः चालवत गल्लीत आणली. “ताई, बसा ना! बघा तरी, बिलकुल आवाज न्हाई.”

मी म्हटलं, “आवाज न्हाई ती गाडी कसली? बैलसुद्धा घुंगरू वाजवत येतो.”

सगळे हसले. तीही हसली. मी नाही हसले.

कशाचा जळफळाट होता? डिझेलचा खर्च वाचला म्हणून? मी स्वतःला तसंच सांगत राहिले. पण खरं वेगळं होतं — तिला आता कोणाची वाट बघावी लागत नव्हती. पन्नाशीतली मी ड्रायव्हरचा चहा संपायची वाट बघत टेम्पोत बसायची, आणि ही बाई समोरून, हात हलवून, आवाज न करता निघून जायची. बाजारात माझं पाल ठोकून होईतो तिची पहिली गिऱ्हाइकं झालेली. बायका गाडी बघायला म्हणून येत आणि परकर घेऊन जात. “ताई, माझ्यासोबत चला, सामान मावतं दोघींचं,” असं ती दोनदा म्हणाली. मी तिच्या गाडीत बसायचं? मी?

आष्टीला जाऊन परत येणं तिच्या गाडीला एका चार्जिंगमध्ये जमत नव्हतं. बाजार चालू असेपर्यंत ती गाडी शेषरावमामांच्या पिठाच्या गिरणीत लावायची. मामा म्हातारे, एकटे गिरण चालवणारे. गावातल्या बायका ज्वारीचे डबे रांगेत ठेवून निघून जात, संध्याकाळी पीठ घेऊन जात. कोणी कधी वजन केलं नाही. मागच्या खोलीत पोत्यांजवळ एक बोर्ड होता. तिथून कांचनची वायर खिडकीतून बाहेर गाडीपर्यंत जायची. ठरलेले पैसे ती आधीच देऊन टाकायची.

त्या दिवशी मी मिरची कांडायला गिरणीवर गेले होते. दोन वर्षं झाली. मामा पुढे दळणात. माझं पोतं मागच्या खोलीत होतं, ते ओढायला मी गेले. चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी तो बघत उभी राहिले — किती वेळ, सांगता येत नाही.

मी बटण बंद केलं.

चुकून हात लागला, असं नाही. बटण जुनं होतं, जड होतं. अंगठ्यानं जोर द्यावा लागला. दिवा विझला. तेव्हा काय वाटलं म्हणाल? बरं वाटलं. पोतं ओढून मी बाहेर आले.

बाजार उठल्यावर कांचन गाडी काढायला गेली तर चार्जिंग जवळजवळ जिथं होतं तिथंच. तिनं खोलीत जाऊन बटण बघितलं आणि मामांवर तुटून पडली. पैसे घेता आणि लाईट वाचवता? मामा पिठानं पांढरे झालेले हात जोडून म्हणत होते, “पोरी, मी बटनाला हातबी लावला न्हाई.” लोक जमले. गर्दीतून एक बाई म्हणाली, “लाईट मारतो त्यो पीठ मारत नसंल कशावरून?”

मामांनी चेहऱ्या-चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबले. “बाई, तुम्ही मिरची घ्यायला आल्त्या ना मागं? तुम्ही सांगा. कोणी आल्तं का तिथं?”

सांगायला जागा होती की नाही? वेळ होता की नाही? सगळं होतं.

“मी काही पाह्यलं न्हाई, मामा,” मी म्हणाले.

गाडी तिथंच ठेवून कांचन माझ्या टेम्पोतून घरी आली. मध्ये, त्याच गोधडीवर. रडत होती. माझा हात धरून ओरडून म्हणाली, “ताई, तुम्ही होत्या म्हणून!” मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मनाजोगं झालं होतं ना — ती पुन्हा माझ्या टेम्पोत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या दुकानातून तेवढ्यापुरती वायर ओढून कशीबशी गाडी नेली, आणि मामांनी सांगून टाकलं की आता कोणाचीच बॅटरी इथं लागणार नाही. तिनं आष्टी सोडली. चौथ्या बाजाराला मी तिच्या जागेवर माझं कापड पसरलं. दगड तिचेच वापरले.

आणि गिरणीवर बायका डबे वजन करून आणू लागल्या. वाण्याकडून आधी मोजून घ्यायचे, पीठ झालं की पुन्हा मोजायचे. शेवटी मामांनी स्वतःच दाराला ताणकाटा टांगला. पीठ नेताना बायका त्याला डबा अडकवतात, आणि मामा तेवढा वेळ दुसरीकडे बघतात. दोन वर्षं मी हे दर बाजाराला बघते आहे.

आता मी बॅटरीची गाडी घेतली आहे. उन्हाळ्यात गाडी शिकले. डिझेल परवडत नाही, हिशोब सरळ आहे. गेल्या बाजाराला मामांकडे गेले. मलाही आष्टीत चार्जिंग लागणार. वाटलं होतं, नाही म्हणतील. ते म्हणाले, “दुसऱ्या कोणाला देणार न्हाई. पण तुम्ही तशा न्हाईत, बाई. खुशाल लावा.”

गोधडीला ऊन लागलं असेल. घडी करून नव्या गाडीत ठेवते.

१९ जानेवारी. सकाळी कांचनच्या दाराशी गाडी उभी केली. म्हटलं, आष्टीला चल, गिरणीवर काम आहे. “त्या माणसाच्या दारात मी पाय न्हाई ठेवणार.” म्हटलं, एकदा ठेव. ती आली. सीट गार होती, तरी सवयीनं गोधडी अंगाखाली घेऊन बसली. आष्टीपर्यंत मी बोलले नाही. या गाडीत ओरडावं लागत नाही, तरीही.

गिरण चालू होती. चार-पाच बायका होत्या. मी मामांजवळ गेले आणि सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मग पुढे होऊन मोटर बंद केली. पट्टा सावकाश थांबला.

“आता बोला, बाई. गिरण चालू व्हती.”

मी पुन्हा बोलले. त्या दिवशी बटण मी बंद केलं. कांचनची गाडी मला बघवत नव्हती म्हणून केलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

मामा खाली बसले. कांचन माझ्याकडे बघत होती; मग वळली आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. दाराशी एक बाई डबा काट्याला अडकवत होती. तिनं तो काढून घेतला आणि कडेवर धरला.

मी चार्जिंग लावलं नाही. बाजारात गेले. कांचनच्या जागेवर तिची गोधडी पसरली, चार कोपऱ्यांवर तिचे चार दगड ठेवले, आणि माझं पाल पार टोकाला, नालीजवळ ठोकलं.