तारेत ओवलेली चिठ्ठी

चिचटोल्याला मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी नाटक असलं की माईक मुखरूभाऊच्याच हाती. दुसऱ्या कुणी घेतला तर लोक म्हणत, ‘नाटक हाये का मयत?’ वडशाची नाटक कंपनी पडदा उघडायच्या बेतात असली की प्रेक्षकांतून चिठ्ठ्या यायच्या. अमक्याकडून नायिकेला बक्षीस, तमक्याच्या नातवाला आशीर्वाद. मुखरूभाऊ त्या खणखणीत आवाजात वाचायचा आणि वाचून झालेली चिठ्ठी तारेत ओवून घरी आणायचा. आढ्याला अशा चौदा तारा लोंबत होत्या. बायको शकुबाई कातावायची, “काऊन जी, हा कचरा चुलीत घालू का?”

“लोकायचा शब्द हाये वो तो,” मुखरूभाऊ म्हणायचा. ऐकेल तर शपथ!

तीन वर्षांमागे हेमराज नावाचा एक गोडबोल्या माणूस मोटारीतून आला. पुढच्या रांगेत बसला, खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठी खरडून वर पाठवली. मस्कतला हॉटेलात नोकरी, व्हिसा-तिकीट आम्ही बघू, खाली नाव आणि फोन नंबर. मुखरूभाऊनं ती नुसती वाचली असती तर एक वेळ चाललं असतं. पण गड्याला भरतं आलं आणि त्यानं पदरचं जोडलं, “पोट्टेहो, असा चान्स पुन्हा नाई!”

गावातली चार पोरं गेली. शेजारचा आदेशही त्यात होता. हॉटेल कसलं नि काय! पासपोर्ट काढून घेतले आणि वाळवंटात शेळ्यांमागे धाडलं. आठ महिन्यांनी वकिलातीच्या मदतीनं ती परतली, तेव्हा आदेशला त्याच्या आईनंच आधी ओळखलं नाही. मुखरूभाऊला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं हो! त्यानं माईक खाली ठेवला तो ठेवलाच.

पुढं हेमराजला पोलिसांनी धरलं. परवाना नसताना माणसं परदेशी धाडल्याचा खटला गडचिरोलीच्या कोर्टात उभा राहिला. तिथं हा साळसूद म्हणतो कसा, “ते गाव मी पाहिलंसुद्धा नाही. पोरं आपली आपण गेली.” बोलणं सगळं तोंडी झालेलं, कागद एक नाही. सरकारी वकील मंजुषाबाईंचा चेहरा उतरला. हा सुटला तर पुढच्या मंडईत दुसऱ्या गावी पुढच्या रांगेत बसणार, एवढंच कोर्टात मागं बसलेल्या मुखरूभाऊच्या डोक्यात घुमत राहिलं.

घरी येऊन तो खाटेवर आडवा झाला. नजर आढ्याकडं गेली आणि तो ताडकन उठला. “शकू, तारा उतरव वो!”

दोघं दिवसभर चिठ्ठ्या उपसत बसली. सापडली ती शकुबाईलाच. “बाप्पा! हेच का जी?” चुलीत घालायला निघालेल्या त्या बाईनं ती चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधून कोर्टात नेली.

मंजुषाबाईंनी परवानगी काढून चिठ्ठी दाखल केली. तज्ज्ञानं अक्षर हेमराजचंच ठरवलं. तेव्हा त्याच्या वकिलानं साक्षीला उभ्या मुखरूभाऊला डिवचलं, “म्हणजे जाहिरात तुम्हीच केली?”

मुखरूभाऊनं हात जोडले. “हाव साहेब, मीच केली. म्हणूनच सांगाले आलो.”

हेमराजला शिक्षा झाली. मुखरूभाऊ कोर्टाच्या पायरीवर बसून लागोपाठ दोन कप चहा प्याला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा.

यंदाच्या मंडईत पोरांनी माईक जबरदस्तीनं त्याच्या हातात कोंबला. पहिली चिठ्ठी आली. त्यानं नेहमीसारखी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला, “मुखरूभाऊ, हे वाचाच्या आधी चौकशी केली का? तुमचा आदेश, आन् बाकीचे तिघं.”

सगळा मांडव खदखदून हसला. मुखरूभाऊचे डोळे भरून वाहायला लागले. बायांच्या बाजूनं शकुबाई ओरडली, “आता रडून काऊन राह्यले जी? बोला ना!”

मुखरूभाऊनं डोळे पुसले, चिठ्ठी तारेत ओवली आणि माईक तोंडाशी धरला. “केली चौकशी! चारही पोट्टे घरी हायेत!”