अण्णांचं सोप्पु आणि माझी समाजसेवा

हे बघा, तोंडातला चहा आधी गिळा, मगच ऐका. नाहीतर ठसका लागेल! परक्या भाषेतला शब्द माणसानं अर्धवट शिकू नये. मी शिकलो, आणि एका देवमाणसाला नशेबाज ठरवून मोकळा झालो!

सांगलीहून नोकरीला बेंगळुरूत आलो, तेव्हा मल्लेश्वरममध्ये अण्णा-अक्कांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळाली. दोघं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथले, त्यामुळे बोलण्यात मधूनच कन्नड. अण्णा पंच्याहत्तरीचे. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लेथचा छोटा कारखाना होता. तो बंद करून आता निवांत.

माझं कन्नड मात्र ऑफिसातल्या पोरांकडून शिकलेलं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "पार्टीत कुणी 'सोप्पु' देऊ केलं तर घेऊ नकोस. सोप्पु म्हणजे गांजा!" झालं! शब्द डोक्यात पक्का बसला.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी अक्का खालून ओरडल्या, "अरे, मित्राला सोडायला एअरपोर्टला चाललास ना? येताना देवनहळ्ळीला माझ्या भावाकडून सोप्पु आण. त्याच्या मळ्यातलं आहे, ताजं!"

मळ्यातलं? मी जिन्यातच बसलो.

"कुणाला हवंय, अक्का?"

"अण्णांना रे! रोज लागतं त्यांना. तूही घे स्वल्प, किती वाळलायस!"

मी थेट अण्णांसमोर. ते पेपर वाचत होते. काय तो शांत चेहरा! इतके दिवस मी समजत होतो, स्वभावच तसा आहे.

"अण्णा, सोप्पु सोडा," मी हात जोडले.

"का रे? लहानपणापासून खातोय."

"लहानपणापासून? कुणी लावलं?"

"आईनं! मी तोंड फिरवायचो, मग पाठीत धपाटा घालून भरवायची."

आता बोला!

"आणि कारखान्यात?"

"तिथे मोठा डबा न्यायचो. सगळ्या कामगारांना वाटून खायचो."

"आणि मग मशीन चालवायचे?"

"दुप्पट जोरानं!"

माझे डोळे भरून आले हो. त्यांचा हात धरून मी म्हणालो, "अण्णा, अजून वेळ गेलेली नाही. व्यसनमुक्ती केंद्रात मी स्वतः येतो तुमच्याबरोबर."

अण्णांनी चष्मा काढला. "पालक सोडायला केंद्र?"

"पालक?"

तेवढ्यात अक्का जुडी निवडत बाहेर आल्या. "अरे बाबा, सोप्पु म्हणजे पालेभाजी! पालक सोप्पु, मेंथ्या सोप्पु... तुला काय वाटलं?"

सांगावंच लागलं. अण्णा इतके हसले, इतके हसले, की कवळी काढून हातात धरावी लागली!

मग काय, मुकाट्यानं देवनहळ्ळीहून पिशवीभर सोप्पु आणलं. अक्कांनी त्याचं डाळ घालून केलेलं सारू, गरम भात, वर तूप. खरं सांगतो, त्या दिवशी मीही सोप्पुच्या आहारी गेलो.

तिसऱ्यांदा भात वाढताना अक्कांचा हात मात्र थांबला.

"काय रे, आमचा जन्म इथे गेला, आम्हाला हा दुसरा अर्थ माहीत नाही. तुला दोन महिन्यांत बरा कळला?"

"अक्का, ऑफिसातल्या पोरांनी..."

"सरी, सरी, बरं बरं," म्हणत त्यांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या बसनं आई दारात हजर! मी वाकून नमस्कार केला, तर तिनं आशीर्वाद द्यायच्या आधी माझं तोंड हुंगलं.