कपाखालची अक्षरं

"आपण काय, बघून काढायचं," असं मधुमतीताई नेहमी म्हणायच्या. मोर असो, कमळ असो की परक्या मुलखातलं अक्षर, त्यांचा हात कुठे अडत नसे.

परदेशात, समुद्राकाठच्या मरीन परेड वस्तीतल्या ज्या इमारतीत माझी मुलगी राहते, त्याच इमारतीत ताई आपल्या लेकाकडे राहायच्या. लेकाला त्याच्या इंग्रज प्राध्यापकांनी मायदेशी परतताना एक जुनी इंग्लिश कपबशी दिली होती. पातळ चिनी मातीची, निळ्या चित्रांची. कपावर एक उंच, सडपातळ चिनी बाई छत्री धरून उभी, मागे वर वळलेल्या कोपऱ्यांचं छप्पर. कप उपडा केला की तळाशी चार निळी अक्षरं.

शेजारच्या घरात गोह आजी होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ताईंना चिनी. पण चिनी नववर्षाच्या सकाळी ताई आजींच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि निळ्या रांगोळीने ती चार अक्षरं काढायच्या. एवढ्या देखण्या कपाखाली लिहिलंय म्हणजे शुभच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. आजी बाहेर यायच्या, वाकून बघायच्या, तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि दोन संत्री ताईंच्या ओंजळीत ठेवायच्या. वर्षानुवर्षं हे असंच.

"चिनी शाळेत नाव घातलंत की काय?" मी एकदा चिडवलं.

"घालते की. दप्तर तुम्ही धरा, भाऊ."

यंदा नववर्षाच्या तोंडावरच आजी गेल्या. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पांढरे पडदे लागले, शवपेटी ठेवली, लोकांसाठी टेबलांवर शेंगदाणे मांडले. ताईंचे हात शिवशिवत होते, पण सुतकाच्या दारी रांगोळी काढत नाहीत. म्हणून त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने ती अक्षरं काढली. ती आजींबरोबर पेटीत जावीत, एवढंच त्यांच्या मनात होतं. सोबतीला मला घेतलं. काही चुकलं तर ताडून बघायला कपही पिशवीत घेतला.

आजींचा मुलगा एरिक रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आहे. त्याने पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आंटी, काय लिहायचं होतं तुम्हाला?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"हेच. तुमच्या आईसाठी. चुकलं का?" ताईंनी कप काढून उपडा धरला.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे चिनी नाही. ही अक्षरंच नाहीत, आंटी. इंग्लंडमधले कारागीर आमची भांडी बघून चित्रं काढायचे, खालच्या खुणासुद्धा. माल चिनी वाटावा म्हणून. नो मीनिंग, ला." तो 'ला' म्हणजे इथल्या बोलण्याची लकब.

"तुमच्या आईला वाचता येत नव्हतं?"

"आई चिनी शाळेत शिकवायची. तिने आम्हाला बजावलं होतं, शेजारणीला कोणी काही सांगायचं नाही."

पेटीजवळ आजींचा फोटो होता. ताई त्याच्याकडे बघत माझ्याशी मराठीत बोलल्या, "भाऊ, म्हणजे ती मला हसत होती."

"मायेनेच हसत असतील."

"कशावरून? आता विचारायचं कुणाला?"

 

एरिक पुठ्ठा घेऊन पेटीकडे निघाला, तेव्हा ताईंनी तो त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. "नको. इतकी वर्षं तिच्या दारात पोकळ काहीतरी मांडत आले. तिच्याबरोबर ते द्यायचं नाही. समुद्रात सोडते." त्यांनी फोटोला हात जोडले. कप पदराने पुसून पिशवीत ठेवला.

लिफ्ट उजवीकडे होती. ताई डावीकडे वळल्या, गाड्यांच्या रांगांमधून, समुद्राच्या बाजूला, पुठ्ठा छातीशी धरून. एरिकने एकदा हाक मारली. त्या थांबल्या नाहीत. तो आणि मी पडद्यापाशी उभे होतो. झाडांआड त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.