मोटारीला चालणारं आमचं पाणी

"खाली बस. ओंजळ अजून खाली धर."

मी बसले. उकिडवी. वर गडी उभा, हातात पितळी तांब्या. त्यानं आपल्या छातीएवढ्या उंचीवरनं पाणी सोडलं. थोडं ओंजळीत पडलं, बाकीचं माझ्या उरावर. लुगडं भिजलं. मांडवातनं कुणीतरी फिसकन हसलं.

बारामतीच्या मोटारवाल्यांच्या क्लबाचा वरीसअखेरचा मेळावा व्हता तो. पाडवा चार दिवसांवर आलेला. ऊन नुसतं भाजत व्हतं. आणि मी तितं आगंतुक न्हवते बरं का! मला बोलवून आणलं व्हतं. माझे आभार मानायला.

समोर मोटारी ओळीनं उभ्या, नाकाडावर फुलांच्या माळा. त्यातल्या निम्म्या मोटारींच्या पोटात मी माझ्या हातानं पाणी वतलेलं.

आमी महार. बारामतीवरनं लासुर्ण्याकडनं इंदापूरला जी सडक जाते, तिच्यावर चार कोसावर आमची वस्ती. सडकेला अगदी खेटून. गाव आत, लांब. आमचा आड सडकेपासनं वीस पावलांवर. आणि नेमका तितंच सडकेला चढ हाय. उंच न्हाय, पण लांबलचक. मोटार त्या चढाला आली की तापते. नाकाडातनं वाफ, फुसफुस, की झाली उभी. मग ड्रायव्हर खाली उतरतो आणि वस्तीकडं तोंड करून वरडतो, "ए, पाणी आणा गं!"

गावच्या कारभाऱ्यानं आमच्या माणसांना बजावून ठेवलं व्हतं, मोटारीला पाणी देणं ही गावकी समजायची, भाकरतुकड्यावरची गावची चाकरी. सरकारी सांगाव्याला पळता ना, तसंच हे. ते काम आमच्या घराच्या वाट्याला आलं आणि घरातनं माझ्या. उन्हाळ्यात दिसातनं चार-चार खेपा. हातातली भाकरी टाकून उठायचं.

करता करता मला मोटारीचं सगळं कळायला लागलं. नाकाडावरचं बूच लगेच उघडायचं न्हाय, वाफ अंगावर येते. माझ्या उजव्या मनगटावर तो डाग अजून हाय. फडकं टाकून बूच थोडं ढिलं करायचं, वाफ जाऊ द्यायची. आणि पाणी एकदम वतायचं न्हाय. आतलं लोखंड लालबुंद तापलेलं असतं, गार पाण्यानं तडकतं. धार बारीक धरायची, थांबत थांबत. ड्रायव्हर म्हणायचे, "तुझ्या हाताला अंदाज हाय." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटायचं.

क्लबाचे अध्यक्ष रावसाहेब म्हणजे इंदापुराकडचे बडे बागायतदार. उसाच्या गुळावर दोन मोटारी घेतलेल्या. एकदा त्यांच्या मोटारीत पाणी वतताना वाफेबरोबर चार थेंब उडाले आणि त्यांच्या कोटाच्या बाहीवर पडले. त्यांनी कोट तितंच काढला, दोन बोटांत धरला, ड्रायव्हरकडं टाकला. म्हणाले, "हा घरात आणायचा न्हाय." मला काही बोलले न्हाईत. शिवी दिली असती तरी माणसात धरलं असं झालं असतं. घागरभर पाणी मोटारीच्या पोटात चाललं आणि चार थेंब कोटावर चालले न्हाईत. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला दिसलं न्हाय. मी मान खाली घालून रिकामी घागर घेऊन घरी गेले, उलट मलाच वाटलं, माझी चूक झाली.

मग फाल्गुनात क्लबाचे चिटणीस आले. बारामतीचे वकील. मोटार थांबवून म्हणाले, "बाई, वर्षभर ज्यांनी क्लबाला मदत केली त्या स्वयंसेवकांचे आम्ही जाहीर आभार मानणार आहोत. तुम्ही या. येताना घागर घेऊन या."

मला 'तुम्ही' म्हणाला तो! जन्मात कुणी म्हणलं न्हवतं. स्वयंसेवक म्हणजे काय ते मला म्हाईत न्हवतं. त्यानंच सांगितलं, जो आपल्या खुशीनं राबतो तो.

माझी सासू, तिला मी आत्या म्हणते, ती म्हणाली, "नको जाऊ. त्येंचं गोड बोलणं मला ठावं हाय."

"आत्या, चारचौघांत नाव घेणार हाईत माझं."

"नाव?" ती म्हणाली. "त्येनं तुला नाव इचारलं का?"

विचारलं न्हवतं. मी तिकडं कानाडोळा केला. जावेचं धड लुगडं मागून घेतलं, घागर चिंचेनं लख्ख घासली आणि उजाडायच्या आत चालायला लागले. चार कोस. वाटेत क्लबाच्या मोटारी मागनं आल्या आणि पुढं गेल्या. एकीतल्या ड्रायव्हरनं मला ओळखलं, भोंगा वाजवला. मागं निस्ता फुफाटा. तो खात खात मी आभार घ्यायला चालले व्हते. काय येडी बाई म्हणावी!

मांडवात विलायतेच्या बादशहाची तसबीर, गालिचे, खुर्च्या. मला मांडवाच्या बाहेर, दोरीच्या पलीकडं उभं केलं, उन्हात. चिटणीस एकेक नाव वाचत व्हते. कुणी शर्यतीला निशाण धरलं व्हतं, कुणी पाहुण्यांना सरबत दिलं व्हतं. नाव घेतलं की तो माणूस पुढं जायचा. रावसाहेब आपल्या हातानं त्याच्या छातीवर बिल्ला लावायचे, पाठ थोपटायचे, मग टाळ्या.

घसा उन्हानं कोरडा पडलेला, पण पाणी मागायचं सुचलं न्हाय. आता घेतील, आता घेतील.

"आणि शेवटी," चिटणीस म्हणाले, "इंदापूर रस्त्यावरची ती पाणी देणारी बाई."

बस्स. एवढंच. मी दोरीपाशी गेले. रावसाहेब उठले न्हाईत. एका गड्यानं बिल्ला आणला आणि वरनं माझ्या घागरीत टाकला. टणकन वाजलं. पोरंसोरं हसली.

मग रावसाहेब बोलायला उठले. "मोटारीला जातपात नसते," ते म्हणाले. "या बाईनं वर्षभर स्वखुशीनं पाणी दिलं आणि आमच्या मोटारींनी ते घेतलं. हा नवा काळ आहे." टाळ्याच टाळ्या. चिटणिसांनी तर मान डोलवली.

स्वखुशीनं! कारभाऱ्यानं दारात उभं राहून दिलेला दम मला आठवला. भाजलेलं मनगट आठवलं. वरसाचं राबणं फुकट घेतलं ते घेतलं, वर माझी खुशीपण ह्यांनीच ठरवली.

त्याच्यानंतर मी गड्याकडं पाणी मागितलं. आणि त्यानं मला खाली बसवलं.

ओंजळीतलं पाणी तोंडाशी नेलं आणि थांबले. समोर ती मोटार. रावसाहेबांची. तिचं बूच मला तितनंच दिसत व्हतं. कोट आठवला. बाहीवरचे चार थेंब. सगळं एकदमच दिसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ओंजळ उघडली. पाणी मातीत गेलं. उभी राहिले.

"रावसाहेब," मी वरडून म्हणलं, "तुमच्या मोटारीला माझ्या घागरीचं पाणी चालतं. मग मी तुमच्या तांब्याला तोंड लावलेलं का चालत न्हाय?"

चिटणीस लगबगीनं दोरीपाशी आले. "बाई, चांगला दिवस कशाला बिघडवता? मोटार म्हणजे यंत्र. त्याला काय कळतंय?"

"त्याला कळत न्हाय म्हणूनच ते धड वागतं."

रावसाहेबांचं तोंड लाल झालं. "हिला बाहेर काढा!"

"मी बाहेरच हाय," मी म्हणलं.

घागर उचलली आणि चालायला लागले. जीभ टाळूला चिकटली व्हती. वाटेतल्या कॅनॉलला पाणी सोडायची पाळी न्हवती, कोरडा पडलेला. चार कोस तशीच आले. रडले न्हाय. दर पावलाला घागरीत तो बिल्ला वाजत व्हता आणि दर पावलाला मी आणखी चिडत व्हते. घरी आडावर आले, पोटभर प्याले. आत्याला सगळं सांगितलं. तिनं "मी म्हणलं व्हतं" असं म्हणलं न्हाय.

मावळतीला दिवस कासराभर वर असंल. चढावर फुसफुस ऐकू आली. रावसाहेबांचीच मोटार. मेळावा उरकून घरी निघालेली, माळ अजून नाकाडावर. ड्रायव्हर वरडला, "ए, पाणी आण गं!"

मी घागर काठोकाठ भरली. सडकेवर नेली आणि मोटारीपुढं खाली ठेवली. ड्रायव्हर बुचाला फडकं लावायला लागला.

"थांब," मी म्हणलं. "आधी रावसाहेब पितील. मग मोटार."

"डोकं फिरलंय का हिचं?" रावसाहेब आतनंच गरजले.

"तुमाला खाली बसा म्हणत न्हाय. उभं राहूनच ओंजळ धरा. मी जवळनं वतते, अंगावर थेंब पडू देणार न्हाय."

"उद्या ह्या गावात राहायचं हाय न्हवं तुमाला?" रावसाहेब म्हणाले.

तेवढ्यात मागनं आत्या आली. मला वाटलं, ही आता मला ओढून नेणार, त्यांच्या पाया पडणार. तिनं घागर उचलून आपल्या कमरेवर घेतली. म्हणाली, "ऐकलं न्हवं? पाणी आमचं हाय."

रावसाहेब खाली उतरले. मोटारीत त्यांचा प्रवासाचा फिरकीचा तांब्या व्हता, घरच्या माठातलं गारेगार पाणी भरलेला. तो ड्रायव्हरच्या हातात कोंबला. "वत हे!"

"मालक, जरा दम धरा, लोखंड..."

"वत म्हणतोय ना!"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. त्याला ठावं व्हतं, मला ठावं व्हतं. त्यानं बूच काढलं आणि तांब्या उपडा केला. आत कडाडलं आणि खालनं पाणी सडकेवर गळायला लागलं. त्यांच्याच घरचं पाणी. मोटार कामातनं गेली ती गेलीच. शेवटी गावातनं बैल आणले, दोर बांधला आणि मोटार चढावरनं वढत नेली. मागनं फुफाट्यात रावसाहेब पायी. मी घागरीतनं काढून ठेवलेला बिल्ला त्यांच्या वाटेत टाकला. त्यांनी वळसा घातला.

दुसऱ्या दिवशी कारभारी आला. गावकीची भाकरी बंद. रानात कामाला बोलवायचं बंद. वाण्यानं मीठ दिलं न्हाय. आठव्या दिवशी आडात मेलेलं कुत्रं सापडलं. कुणी टाकलं ते अख्ख्या वस्तीला म्हाईत. आमी बाया-बापे दोन दिवस आड उपसत व्हतो. वस्तीतल्या काहींनी मला शिव्या घातल्या, तुझ्यापायी झालं म्हणाले. घालू द्या. त्याच बाया माझ्याबरोबर दोर वढत व्हत्या.

ह्याला आता दुसरा उन्हाळा. चढ हाय तितंच हाय, मोटारी तापायच्या थांबल्या न्हाईत. ड्रायव्हर वरडतो आणि मी जाते. रिकाम्या हातानं जात न्हाय, भरलेली घागर घेऊन जाते. ती सडकेवर ठेवते आणि मालकाला माझं नाव सांगते. मग म्हणते, आधी तुमची ओंजळ, मग मोटारीचं बूच.

अजून एकानंबी ओंजळ धरली न्हाय. मोटार थंड होईस्तवर सडकेवर तळतात. तळू द्या. मी घागरीवर हात ठेवून समोर उभी असते आणि ते जाईपर्यंत हलत न्हाय.