म्हातारीचा डावा पाय

“घोड्याचे पाय घोड्याच्या आधी झोपतात,” मामा एकदा म्हणाले, आणि वर्गातली सगळी मुलं खो खो हसली.

मामा जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात विच्छेदनाच्या खोलीत नोकरीला होते. मेलेल्या जनावरांचे अवयव सोलायचे, साफ करायचे आणि मुलांना शिकायला टेबलावर मांडायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. घोड्याचा पुढचा पाय हा तर त्यांचा हातखंडा. त्यांनी सोललेल्या पायावर मांसाचा कण सापडायचा नाही. पांढरीशुभ्र हाडं, गुळगुळीत सांधे, आणि सांध्यांवरून गेलेल्या दोऱ्या. स्नायुबंध, अस्थिबंध ही पुस्तकातली नावं मामांना पाठ होती, पण ते सगळ्यांना दोऱ्याच म्हणत. शिकवणाऱ्या बाई कधीकाळी याच टेबलापाशी मामांकडून सुरी धरायला शिकल्या होत्या. त्या दर वर्षी म्हणत, “मामा, हा पाय नाही, दागिना आहे.”

दागिन्यात एक खोट होती. तो उभा राहायचा नाही. घोडा पुढच्या पायांच्या दोऱ्यांवर भार टाकून उभ्याने झोपतो, मांसाला जवळजवळ कष्टच पडत नाहीत, असं पुस्तक सांगायचं. बाई ते वाचून दाखवायच्या, आणि मामा खांद्याला नि गुडघ्याला तार गुंडाळून पाय लोखंडी चौकटीला बांधायचे. तार काढली की दागिना मटकन बसायचा.

“मामा, हा झोपलाय की चक्कर आलीय?” एक बडबडी मुलगी दर वेळी विचारायची. मामा हसायचे, पण आतून त्यांना ते लागायचं.

त्या आठवड्यात मोठे साहेब खोलीत डोकावून गेले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, “बाई, आता प्लास्टिकचे पाय मिळतात. वास नाही, घाण नाही. आणि तुमचा हा तरी कुठे उभा राहतोय? सोमवारी येतो, तेव्हा ठरवून टाकू.” ठरवायचं काय, तर खोली बंद आणि मामा औषधांच्या गोदामात.

मामा घरी आले ते डोक्यात पाय घेऊनच. बायको दुधाचं पातेलं उतरवत होती. यांनी तिचा हात धरला.

“अगं, घोड्याचा गुडघा म्हणजे हे तुझं मनगट. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. अख्खा घोडा मधल्या बोटांवर उभा असतो.”

“आणि अख्खं घर माझ्या मनगटावर. सोडा अहो, दूध उतू जातंय!”

तिने तसंच पातेलं उचललं आणि मामांच्या बोटांखाली, तिच्या कोपराच्या आतल्या वळणात, काहीतरी ताठ झालं. मामांनी चाचपून पाहिलं. दोरी! दंडाच्या मांसातून निघून पुढे हातावर उतरणारी.

“परत उचल.”

“काय?”

“पातेलं परत उचल गं!”

तिने चार वेळा उचललं. पाचव्यांदा म्हणाली, “आता तुम्ही उचला, मी चाचपते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कॉलेजच्या दवाखान्याच्या अंगणात गेले. तिथे एका गाडीवानाने आणून सोडलेली राखाडी घोडी होती. फार थकलेली, सगळे तिला म्हातारीच म्हणत. ती डुलक्या घेत होती, खालचा ओठ लोंबत होता. मामांनी हळूच तिच्या छातीजवळ, कोपराच्या वळणात हात सरकवला. मांस सैल होतं, लोण्यासारखं. आणि त्या मांसाच्या आत दोरी, कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताठ.

 मांस झोपलं होतं. दोरीने सगळी म्हातारी पेलून धरली होती. तेव्हाच ते अंगणात जमलेल्या वर्गातल्या मुलांना ओरडून म्हणाले, घोड्याचे पाय घोड्याच्या आधी झोपतात, आणि मुलं हसली. मामांना त्यांचं हसू ऐकूही आलं नाही. त्यांचा हात दोरीच्या मागावर वर चढत होता. कोपरावरून ती दंडाच्या जाड मांसात शिरत होती, आणि त्याच्या पोटातून थेट खांद्याच्या हाडाला भिडत होती. खाली गुडघा ओलांडून नळीच्या हाडापर्यंत. वर खांदा, खाली गुडघा, दोघांना एकच लगाम.

दंडाचं मांस. सोलायला बसलं की मामा सगळ्यात आधी कापून बादलीत टाकत, ते मांस. सव्वीस वर्षं.

 म्हातारीने डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

शनिवारी पहाटे ती गेली. गाडीवान येऊन तिच्या मानेवरून हात फिरवून गेला; शरीर कॉलेजला ठेवा म्हणाला. रविवारी मामा तिचा डावा पाय घेऊन एकटेच शीतघरात बसले. औषधात मुरवलेला पाय काठीसारखा कडक होतो, त्यात फसवणूक आहे असं कुणीही म्हणालं असतं. म्हणून हा ताजाच हवा होता. या वेळी त्यांनी दंडाला सुरी लावली नाही. पाय ओबडधोबड दिसत होता. आपल्या हातचा वाटतच नव्हता.

सोमवारी खोली भरली. साहेब पुढे, बाई शेजारी, मुलं टेबलांवर चढलेली. मामांनी पाय चौकटीत ठेवला. चौकट फक्त बाजूला कलू देत नव्हती, तार नव्हतीच. त्यांनी कोपर सरळ केलं. सांधा खट् करून बसला. खांद्यावर फळी ठेवली, फळीवर दहा किलोची वाळूची पिशवी. मग दुसरी. तिसरी. पायाने जरासा दम घेतल्यासारखं केलं आणि तो थांबला. चौथी, पाचवी, सहावी!

“उभाय! अरे, उभाय!” बडबडी मुलगी किंचाळली. बाईंनी तोंडावर हात धरला. पोरं टेबलं बडवायला लागली.

साहेबांनी फळी हलवून पाहिली. “आत सळई नाही ना घातली?”

“हात घालून बघा, साहेब.”

साहेबांनी खरंच हात घातला. रुमाल खिशातच राहिला. मग ते म्हणाले, “मान्य. पण नुसतं उभं राहिलेलं दिसतंय, मामा. कशामुळे उभाय, ते कुठे दिसतंय? उभा तर प्लास्टिकचाही राहील.”

 मामांनी सुरी उचलली.

“दाखवतो. सगळे मागे सरका.”  “आधी सांगून टाकतो. ही दोरी इतकी वर्षं मीच कापत आलो. मांस समजून. पाय पडायचा तो माझ्यामुळे.”

“मामा, राहू द्या,” बाई म्हणाल्या.

मामांनी दंडाच्या मधोमध सुरी ओढली. धाडकन आवाज झाला. खांदा पुढे मिटला, त्याच दमात गुडघा वाकला, फळी उडाली, वाळू सगळीकडे पसरली. मामांना तो पडण्याचा आकार पाठ होता.

“एवढ्या एका दोरीवर?” मुलगी अगदी हळू म्हणाली.

साहेब बुटांवरची वाळू झटकायचंही विसरले होते. “बाई, उजवा पाय आहे का?”

“शीतघरात आहे.”

“मग दुपारच्या वर्गालाही हे दिसलं पाहिजे. आणि त्या प्लास्टिकवाल्यांना कळवा, इतक्यात येऊ नका म्हणावं. त्यांच्या पायात कापण्यासारखं काय आहे?”

पोरांनी पुन्हा टेबलं बडवली. कुणीतरी “मामा! मामा!” असा घोष लावला. मामांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. खिळ्याला सव्वीस वर्षं टांगलेलं तारेचं वेटोळं काढून काखेत मारलं. आणि वाळूतून पावलं उमटवत, कुणाकडे न बघता, ते उजवा पाय आणायला शीतघराकडे निघून गेले.