हरवलेली फाइल आणि विहिरींचं पाणी

पदवीच्या शेवटच्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या गावातल्या विहिरींचं पाणी मोजत होते. आम्ही गोव्यात, डिचोलीजवळच्या शिरगावला राहतो. खाणी बंद पडल्यापासून विहिरींचं पाणी वर आलंय असं काही लोक म्हणत, काही म्हणत की उलट आटलंय. कोणीच मोजलेलं नव्हतं. मार्गदर्शक सर म्हणाले, तू मोज. म्हणून ऑक्टोबरपासून दर महिन्याला मी घरोघरी जायचे, टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचे आणि ओला भाग जिथून सुरू होतो तिथला फोटो काढायचे. घरी येऊन आकडे लॅपटॉपवर लिहायचे, दर महिन्याची वेगळी फाइल. मग फोनमधले फोटो पुसून टाकायचे, कारण फोनमध्ये जागा नसायची. वही ठेवली नव्हती. कॉलेजात सगळे थेट लॅपटॉपवर लिहीत, मलाही ते जास्त बरोबर वाटत होतं.

लॅपटॉप जुना, दुसऱ्याने वापरलेला. बॅटरी संपलेली, वायर जोडली तरच चालायचा. मार्चच्या अखेरीस, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुट्ट्या लागल्या त्या दुपारी, मी मार्चच्या सुरुवातीला मोजलेले आकडे उशिरा भरून संपवत होते, एकेक लिहून त्याचा फोटो पुसत. लॅपटॉपने स्वतःहून अपडेट सुरू केलं होतं, ते मी पाहिलं होतं पण लक्ष दिलं नाही. तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण तक्त्यांचा प्रोग्राम उघडेना. एक छोटी चौकट आली. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी हळूहळू वाचते. चौकटीत लिहिलं होतं की हा प्रोग्राम सुरू करता येत नाही, कारण अमुक नावाची फाइल या संगणकावर सापडत नाही. खाली एकच बटण होतं, ठीक आहे. मी ते दाबलं. चौकट गेली. परत उघडलं, परत तीच चौकट.

सहा महिन्यांचे आकडे त्या लॅपटॉपमध्ये होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. गेलेल्या महिन्याचं पाणी परत मोजता येत नाही. प्रकल्प द्यायला दहा दिवस राहिले होते, आणि तो दिला नाही तर वर्ष जाणार होतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ह्या डब्यात काय आसा तां माका दिसणा नाय. विहीर तरी वाकून बघूक गावता."

बाबा मात्र जवळ येऊन बसले. बाबा सावंतवाडीकडून इथे खनिजाचा ट्रक चालवायला आले होते. आता ते डिचोलीतल्या एका दुकानाचा सामानाचा टेम्पो चालवतात. त्यांनी चौकटीत काय लिहिलंय ते माझ्याकडून ऐकून घेतलं.

"म्हणजे पार्ट गेलो," ते म्हणाले.

"हो. तसंच काहीतरी."

"मग दुसऱ्या गाडयेचो काढूया. मॉडेल तांच व्हया."

खाणी बंद झाल्यावर ट्रक वर्षानुवर्षं उभे होते. जे थोडे चालत, ते उभ्या ट्रकांच्या पार्टांवर चालत. आमच्याकडे यात कोणाला काही चुकीचं वाटत नसे. शेजारच्या वहिनींकडे आमच्यासारखाच लॅपटॉप होता, त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. ती फाइल त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती, त्याच नावाची. आणून बसवली. प्रोग्रामने आता दुसऱ्याच फाइलचं नाव घेतलं.

"बघ," बाबा म्हणाले. "एकटो पार्ट कधी बदलू नये. क्लच प्लेट बदलली तर प्रेशर प्लेट आणि बेरिंग पण बदलूचा लागता. नायतर नवो पार्ट जुन्याक खाता. सेट घाल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं, कारण दुसरा उपाय माहीत नव्हता. मी परत वहिनींकडे गेले आणि त्या फोल्डरमधल्या तशा नावांच्या सगळ्या फाइली उचलून आणल्या. लॅपटॉप म्हणाला, परवानगी नाही. मी एक व्हिडिओ पाहून परवानगी मिळवली. मग त्याने विचारलं, जुन्या फाइली बदलू का? मी सगळ्यांना हो म्हटलं. नंतर बंद करून सुरू केला. निळा पडदा आला, दुरुस्तीची तयारी चालू आहे असं दिसलं, मग काळोख, मग परत निळा पडदा. आता चौकटसुद्धा येत नव्हती.

बाबा म्हणाले, "माझाच चुकला."

डिचोलीतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने दोन मिनिटं पाहिलं आणि सगळं पुसून नव्याने घालावं लागेल, आतलं काही राहणार नाही, असं सांगितलं. मी लॅपटॉप परत घेतला. कॉलेज बंद होतं. कॉलेजच्या कंप्युटर लॅबमधल्या मॅडम धारगळला राहतात एवढं मला माहीत होतं. त्यांना फोन करायला मला अर्धा तास लागला. सुट्टीत घरी फोन करावा का, हेच ठरत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता काही करू नको. काहीच दाबू नको. उद्या सकाळी घेऊन ये."

सकाळी बाबांच्या मोटारसायकलवर मागे लॅपटॉप मांडीवर धरून बसले. अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून आम्ही धारगळला पोचलो. मॅडमचं घर महामार्गापासून आत होतं. बाहेरच्या सोप्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी आधी बाबांची चौकशी केली.

"तुमी खंयचे?"

"शिरगावचे."

"तशें न्हय. मूळचे?"

"सावंतवाडेच्या वाटेरचे."

"मग बसात," त्या म्हणाल्या, जणू आता बसायला हरकत नव्हती. आतून चहा आणि त्यात बुडवून खायची काकणं, गोल कडक पाव, आली.

मॅडमनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि काय काय केलंस ते क्रमाने सांग म्हणाल्या. मी सांगितलं. फाइलींचा सेट बदलला इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मीच केलं," मी म्हटलं.

"सांगितलंय मीया," बाबा दारातून म्हणाले.

"तुम्ही कंप्युटरचं काम करता?"

"ट्रक चालवी होतंय."

"ट्रक बरा," मॅडम म्हणाल्या. "बिघडला तर निदान आवाज करतो."

मग त्यांनी समजावलं. नाव तेच असलं तरी प्रत्येक अपडेटनंतर आतली फाइल वेगळी होते. वहिनींच्या लॅपटॉपचं अपडेट पूर्ण झालं होतं, माझं अर्ध्यावर तुटलं होतं. शिवाय बाहेरून पार्ट आणायची गरजच नसते. संगणक आपल्या मुख्य फाइलींची एक जास्तीची प्रत आतच जपून ठेवतो. त्याला फक्त तपासायला आणि तिथून बदलायला सांगायचं.

"म्हणजे स्टेपनी गाडयेतच आसा," बाबा म्हणाले.

"आहे. पण आधी तुमच्या मुलीचं सामान गाडीतून खाली उतरवूया. दुरुस्ती नंतर."

त्यांनी तीन वेळा बटण दाबून लॅपटॉप अर्ध्यात बंद केला. चौथ्यांदा दुरुस्तीचा पडदा आला. त्यातून एक काळी खिडकी उघडली आणि त्यात त्यांनी साधं नोटपॅडचं नाव लिहिलं. नोटपॅड उघडलं. त्यातून फाइल उघडायची चौकट घेतली आणि माझ्या फोल्डरपर्यंत गेल्या. फोल्डर रिकामा होता.

बाबांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घाबरू नको गो," मॅडम म्हणाल्या. "नोटपॅडला फक्त आपल्या जातीच्या फाइली दिसतात." खालच्या कोपऱ्यात त्यांनी 'सगळ्या फाइली' निवडलं आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सहा नावं एकाखाली एक आली. त्यांनी ती एकेक करून पेन ड्राइव्हवर उतरवली. तो पेन ड्राइव्ह माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हा पिशवीत ठेव. आता लॅपटॉप मेला तरी चालेल."

दुरुस्तीला वेळ लागला. त्यांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहिली, विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे तेही त्यात लिहावं लागलं, कारण दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलतात. टक्के हळूहळू चढत होते. शेवटी बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि बदलल्या असं वाक्य आलं. लॅपटॉप सुरू झाला. मुळात हरवलेली फाइल मात्र संगणकाने जपलेल्या त्या जास्तीच्या प्रतीत नव्हती. ती तक्त्यांच्या प्रोग्रामला लागणारी, वेगळ्या पॅकेजमधून येणारी. ते पॅकेज मॅडमनी बनवणाऱ्यांच्याच साइटवरून उतरवून बसवलं आणि चौकट यायची थांबली.

मी एकेक महिना उघडून पाहिला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच फाइली नीट होत्या. मार्चच्या फाइलला नाव होतं, तारीख होती, आत काही नव्हतं. वीज गेली तेव्हा ती उघडी होती. मॅडमनी तिची तात्पुरती प्रत शोधून पाहिली, दोन-तीन ठिकाणी. मिळाली नाही.

"एक महिना गेला," त्या म्हणाल्या. "पाच वाचले असं धर."

दोन दिवसांनी एप्रिल लागला आणि मी परत सगळ्या विहिरी मोजल्या. या वेळी बाबा बरोबर आले. ते टेप सोडायचे, मी वहीत लिहायचे आणि फोटोही ठेवायचे. त्यामुळे माझ्याकडे मार्चच्या अलीकडचा आणि पलीकडचा महिना होता. मधले आकडे काढणं अवघड नव्हतं. रांगेतला पहिला आणि शेवटचा आकडा दिला की मधला संगणक भरून देतो. मी भरून पाहिलं. रकाना एकदम नीट दिसत होता. प्रत्येक विहिरीचं पाणी थोडं थोडं खाली गेलेलं, जसं उन्हाळ्यात जावं तसं. कोणालाही शंका आली नसती. मी तो तसाच ठेवून जेवायला गेले.

जेवताना आठवलं की मार्चमध्ये देवळाच्या वाटेवरच्या विहिरीजवळ, ती विहीर ज्यांची त्या घरातल्या काकी उभ्या होत्या. त्या टेपकडे बघून म्हणाल्या होत्या, "मागच्या खेपेपरस चार बोटां वयर आसा गो." उन्हाळ्यात पाणी वर का आलं असेल यावर आम्ही थोडा वेळ बोललोही होतो. जुन्या खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसून सोडत असतील असं त्यांचं म्हणणं होतं. संगणकाने भरलेल्या रकान्यात त्या विहिरीचं पाणी खाली गेलेलं होतं.

मी परत येऊन पूर्ण रकाना पुसला. डोक्यावर 'मार्च' तेवढं ठेवलं आणि तळाशी लिहिलं की या महिन्याच्या नोंदी माझ्याकडून गेल्या, एका विहिरीचं पाणी वाढल्याचं घरमालकिणीने सांगितलं होतं, पण मोजमाप हाती नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते पान उघडलं. बराच वेळ बघितलं.

"मार्च रिकामा का?"

मी सांगितलं. वीज, लॅपटॉप, वहिनींच्या फाइली, सगळं सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं की दुसरी प्रत ठेवली नव्हती.

"आणि ही विहीर कोणती, पाणी वाढलेली?"

मी नकाशावर दाखवली. त्यांनी तिथे पेन्सिलने गोल केला, मार्गदर्शक सरांकडे नकाशा सरकवला आणि मला म्हणाले, "इथे पुढच्या वर्षी कोणी मोजायला हवं." मग माझ्याकडे पाहून, "तू एम.ए. करणार आहेस का?"

मी म्हटलं, अजून घरी विचारलेलं नाही.