अठराव्या रकान्यातला बाप

त्यांचं खरं नाव आता फक्त निवृत्तीच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते फॉर्ममामा. एका शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सार्वजनिक वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल धरलं. दुपारी तीन ते सहा. ज्या मुलांना कॉलेजात प्रवेश मिळाला आहे पण फी भरायची ऐपत नाही, त्यांचे मदतीचे अर्ज ते भरून देत. फुकट.

"फुकटची किंमत नसते लोकांना," त्यांची थोरली बहीण म्हणे. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायची; मामांनी लग्नच केलं नव्हतं. "निदान चहाचे तरी घेत जा."

"चहा तू देतेस की, ताई."

"म्हणून तर म्हणते. माझ्या चहाचे घेत जा."

मामा हसत, डबा पिशवीत टाकत आणि निघत. टेबलावर त्यांची मांडामांड ठरलेली: एक निळं पेन, एक काळं, सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, लाकडी पट्टी, टाचण्यांची डबी. समोर येऊन बसणारी माणसं कागद कशाकशात घेऊन येत! कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एक आजीबाई तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सुतळीने बांधून. आल्या आल्या सगळे आधी माफी मागत. कागद जुना झालाय, जरा भिजलाय, यावर तेलाचा डाग पडलाय. मामा म्हणत, "डागाला गुण नाहीत आणि दंडही नाही. आणा इकडे."

अर्ज अकरा पानांचा होता. तो नुसता पाहूनच चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पण मामांना तो पाठ होता. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यापाशी बाई का अडखळते, भावंडांच्या रकान्यात एखादं नाव लिहून का खोडावंसं वाटतं, हे त्यांना न सांगता कळे. आणि खोडायचं तर मुळीच नव्हतं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असे की खाडाखोड केलेला अर्ज बाद. एका मुलाला एकच अर्ज, त्यावर क्रमांक छापलेला. म्हणून मामा सगळं आधी कच्च्या कागदावर लिहून घेत आणि मग सह्यांच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या करत. आईवडिलांनी यायचं आणि फुलीवर सही करायची. वाचायचं काय त्यात? मामांनी भरलंय म्हणजे झालं.

खरी मेख अठराव्या रकान्यात होती. 'कुटुंबाच्या परिस्थितीचे वर्णन अर्जदाराने स्वहस्ते करावे. शब्दमर्यादा तीनशे.' इथे मुलं हमखास अडत. 'आमची परिस्थिती गरीब आहे,' एवढं लिहून पेनचं टोपण चावत बसत. मग मामा मजकूर सांगत आणि मुलं उतरवून घेत. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट उमगली होती. निवड करणारी माणसं दिवसाला शेकडो अर्ज चाळतात. त्यांना रडगाणं नको असतं, पण डोळ्यांत पाणी यायला हवं असतं. घर पूर्ण बुडालेलं दाखवायचं आणि त्यातून वर आलेला एकच हात दाखवायचा, तो मुलाचा. घर बुडवायचं तर कुणाला तरी बुडवावं लागतं. बहुतेक वेळा ते बापाला बुडवत. दहातले आठ अर्ज मंजूर होत.

तर एका वर्षी काचवाल्याची मुलगी आली.

काचवाला म्हणजे खिडक्यांना काचा बसवणारा. चार वर्षांपूर्वी एक मोठी काच उतरवताना सटकली आणि त्याच्या उजव्या मनगटाच्या शिरा कापून गेली. हात राहिला, पण मूठ वळेना. तेव्हापासून बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाई आणि हा घर सांभाळी. मुलगी एकुलती एक. बोलायला कमी, पण नजर अशी की खोलीत आली की आधी भिंती बघणार, मग माणसं. इमारतींचे आराखडे काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. मदत मंजूर झाली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची.

"हे कुठून डोक्यात आलं तुझ्या?" मामांनी सहज विचारलं होतं.

"बाबांबरोबर मापं घ्यायला जायचे लहानपणी. ते फीत धरायचे, मी आकडे लिहायचे. अजूनही घेतो आम्ही, घरातच. कपाटाची, जिन्याची. बाबा म्हणतात, आधी डोळ्यांनी अंदाज सांग, मग फीत लाव."

मामांनी मान डोलावली. ऐकलं, पण कच्च्या कागदावर लिहिलं नाही. अठराव्या रकान्यात असल्या गोष्टींचा उपयोग नसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी नेहमीसारखा मजकूर सांगायला घेतला. मुलगी छापल्यासारख्या अक्षरात उतरवत होती. मध्येच तिचं पेन थांबलं.

"मामा, 'निकामी' हा शब्द असाच लिहायचा?"

"लिही गं. अर्ज आहे हा, पत्र नाही."

तिने लिहिला.

धुलाईखान्याचा पगाराचा दाखला यायला उशीर झाला. तो आला शेवटच्या दिवशी. पाचला कचेरीत अर्ज घेणारी खिडकी बंद होणार, आणि काचवाला मुलीला घेऊन वाचनालयात पोचला तेव्हा चार वाजत आले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, उजवा हात खिशात. मामांनी अर्ज पुढे सरकवला. "या, काचवाले. तीन ठिकाणी फुल्या आहेत. सह्या करा, की मी पळतो."

"करतो की," तो खुर्ची ओढून बसला. "जरा वाचून घेतो."

"सगळं नीट आहे हो."

"असणारच. पण मापं न वाचता काच कापली की फुकट जाते, मामा. सवय लागलीय."

त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली. डाव्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत तो वाचत होता. मामांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार वाजून सात मिनिटं झाली, चार वाजून बारा झाली.

"हे घराचं क्षेत्रफळ कमी लागलंय," तो मध्येच म्हणाला. "गॅलरी धरली नाहीत."

"गॅलरी धरत नाहीत."

"मग बरोबर आहे," तो हसला. "आमची गॅलरी म्हणजे तरी काय, उभं राहून शिंकायचं तर आधी दार उघडावं लागतं."

मुलगी हसली नाही. ती त्याच्या बोटाकडे बघत होती. पान उलटलं. बोट अठराव्या रकान्यात शिरलं, तीन ओळी गेलं आणि थांबलं. मग परत सुरुवातीला आलं. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षाही सावकाश गेलं.

'अपघातानंतर माझे वडील निकामी झाले असून घराला त्यांचा कोणताही आधार नाही. घरात शिक्षणाचे वातावरण नाही. मला आजवर कोणाचेही मार्गदर्शन लाभलेले नाही.'

खोलीत कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घालत होतं, तेवढाच आवाज.

"अक्षर छान आलंय," काचवाला मुलीला म्हणाला.

तिने खाली बघितलं.

"मी सांगितलं तिला लिहायला," मामा घाईने म्हणाले. "असंच लिहावं लागतं, काचवाले. नाहीतर वरचे लोक बघतसुद्धा नाहीत. हे काही तुमच्याबद्दल..."

"छे छे, कळतं ना मला." त्याने बोट पुन्हा त्या ओळींवर ठेवलं. "आधार नाही ते राहू दे, ते खरंच आहे. निकामीही राहू दे एक वेळ. ते शेवटचं वाक्य तेवढं बदलता येईल का? मार्गदर्शनाचं?"

"खाडाखोड चालत नाही."

"नवा अर्ज?"

"एकच मिळतो."

"बरं." त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि डाव्या हातात पेन घेतलं. "मग कुठे म्हणालात, या फुलीवर?"

डाव्या हाताची सही त्याला अजून जमली नव्हती. पहिलं अक्षर काढताना त्याने जीभ दातांत धरली, पाटीवर गिरवणाऱ्या मुलासारखी. खांदा वर गेला, कागद सरकला, तो त्याने कोपराने दाबून धरला. अक्षर वाकडं आलं. तो दुसऱ्याकडे वळला.

तेव्हा मुलीने टेबलावरचं काळं पेन उचललं. पट्टी उचलली. समोरच्या बाजूने ती अठराव्या रकान्यावर ठेवली आणि शेवटच्या वाक्यावरून एक रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

"अगं! अगं, काय केलंस हे!" काचवाला ओरडला. वाचनालयातली सगळी डोकी वर झाली. "मी करत होतो ना सही? करत होतो ना मी?"

"म्हणूनच," मुलगी म्हणाली.

काचवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, काहीतरी करा हो. पोर आहे. तुम्ही सांगाल तर ऐकतील ते."

उरलेल्या सह्या कशाबशा झाल्या आणि मामा धावले. पासष्टीच्या घरात आलेला माणूस भर रस्त्यातून अर्ज छातीशी धरून धावतो आहे, हे लोकांनी वळून वळून पाहिलं. खिडकी उघडी होती. आत बसलेली बाई एके काळी मामांच्याच हाताखाली काम शिकली होती. तिने पानं चाळली, अठराव्यावर थांबली आणि मान वर केली.

"मामा, हे काय?"

"पट्टीने मारलेली रेघ आहे. खालचं सगळं वाचता येतं. खाडाखोड म्हणतात का याला?"

"तुम्ही काय म्हणायचात?"

शाळेच्या खिडकीमागे बसून एकतीस वर्षं मामांनी याहून बारीक चुकांचे अर्ज परत केले होते. एकदा एका मुलाच्या आईचं नाव दोनदा गिरवलं होतं म्हणून. तो मुलगा पुढे कुठे गेला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी आत घेतला तरी वर बाद होईल," बाई हळूच म्हणाली. "आणि जाब मला विचारतील." तिने अर्ज खिडकीतून परत सरकवला. पाच वाजायला चार मिनिटं बाकी होती. ती चार मिनिटं मामा तिथेच उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी निवड समितीला तीन पत्रं लिहिली. चूक माझी आहे, मजकूर माझा आहे, मुलीने फक्त त्यातलं खोटं खोडलं, असं स्वच्छ लिहिलं. उत्तर एकाच पत्राला आलं, तेही छापील: नियमात तशी तरतूद नाही. कॉलेजने आठ दिवस जागा धरून ठेवली, मग ती यादीतल्या पुढच्या मुलाला गेली.

मामा काचवाल्याच्या घरी गेले. तो एका हाताने चहा करत होता. गाळणं तोंडात धरून त्याने किटली उचलली, मामांना मदतीला येऊ दिलं नाही. ठपका ठेवला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जन्मात कधी बोट लावलं नाही मी तिला. त्या दिवशी मात्र एक ठेवून द्यावीशी वाटली."

"आणि आता?"

"आता काय. ती माझ्याशी बोलते, मी तिच्याशी बोलतो. भांडण नाही काही." त्याने कपाटाच्या वर बोट दाखवलं. तिथे मोजायची फीत गुंडाळून ठेवलेली होती. "खाली कुणी काढत नाही, एवढंच."

घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. बहिणीने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं.

"तू काही मुद्दाम नाही केलंस," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"शेकडो बाप बुडवले मी, ताई. वाचलं त्यातल्या एकाने." ते म्हणाले. "बाकीच्यांच्या मुलांनी लिहिलं आणि बापांना दाखवलं नाही. ती मुलं घरी जाऊन काय करत असतील?"

तिने ताट उचलून ठेवलं.

मामांनी टेबल सोडलं नाही. पण अठरावा रकाना सांगणं सोडलं. "घरी जा, आईवडिलांना समोर बसव, त्यांना विचारून लिही," असं ते मुलांना म्हणत. मुलं खरं लिहून आणत. बाबा रोज मला बसथांब्यापर्यंत सोडतात. आई थकली की गाणी म्हणते. त्या वर्षी दहातले दोन अर्ज मंजूर झाले. मामा आता थकले, त्यांचं लक्ष राहिलं नाही, असं लोक म्हणू लागले. टेबलासमोरची रांग कमी होत होत दोन-तीन माणसांवर आली. मग एखादी दुपार अशी जाई की कुणीच येत नसे. मामा पेन्सिलीला टोक काढत बसत.

वाचनालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र गर्दी असे. काचवाल्याची मुलगी तिथेच कामाला लागली होती. दाखल्याच्या प्रती काढायला मामांना तिथे जावंच लागे. ती त्यांना टाळत नसे. "मामा, किती?" एवढंच विचारी, आणि कागद गरम असतानाच नीट कडा जुळवून हातात देई.

एके दिवशी ते गेले तेव्हा समोर आठदहा मुलं उभी होती. मुलगी एकच कागद पुन्हा पुन्हा काढत होती. मशीनची काच तिने फडक्याने पुसली, कोपऱ्यांपासून आत, तिचा बाप पुसायचा तशी, आणि कागद परत पालथा ठेवला.

"कसली प्रत आहे?" मामांनी विचारलं.

"अठराव्याचा नमुना. मागे कुणीतरी भरलेला अर्ज झेरॉक्सला आणला होता, त्यावरून मालकांनी काढून ठेवलाय." ती क्षणभर थांबली. "हाच सगळ्यात जास्त मंजूर होतो म्हणतात."

तिने एक प्रत त्यांच्यापुढे धरली. अक्षर कुणा अनोळखी मुलाचं होतं. वाक्यं मामांची होती. घरात शिक्षणाचे वातावरण नाही. मला आजवर कोणाचेही मार्गदर्शन लाभलेले नाही.

"तुमचं काय काढायचंय, मामा?" तिने विचारलं. "जरा थांबावं लागेल. याच्या अजून चाळीस काढायच्यात."

मामा बाजूला सरून रांगेच्या शेवटी उभे राहिले.